मोटार काढलेला रणगाडा

"मॅडम, तुमची मोटार काढून टाकली त्यायनं."

आयटीआयमध्ये रुजू होऊन मला तिसरा दिवस होता. वीजतंत्री विभागाच्या दारात पन्नाशी ओलांडलेला एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. अंगात खाकी अ‍ॅप्रन, त्याच्या बाह्यांवर ठिणग्यांनी पाडलेली बारीक बारीक भोकं, आणि हातात गुंडाळी केलेला कागद. मला वाटलं, माझ्या विभागातली एखादी मोटार चोरीला गेली. पहिल्याच आठवड्यात हे काय बालंट, म्हणून मी घाबरून विचारलं, "कोणती मोटार? कोणी काढली?"

"जर्मनीवाल्यायनं," ते म्हणाले. "चव्वेचाळीस साली."

आणि माझ्या टेबलावरचं हजेरीपत्रक बाजूला सारून त्यांनी तो कागद पसरला. रणगाड्याचं चित्र होतं. शिसपेन्सिलीनं काढलेलं, पण असं की प्रत्येक खिळा मोजून घ्यावा. वरचा तोफेचा भाग, ज्याला इंग्रजीत टरेट म्हणतात, त्याला ते 'डोकं' म्हणायचे. हे डोकं फिरवायला आधी विजेची मोटार होती, तिला वीज पुरवायला एक छोटं वेगळं इंजिन होतं. लढाई हरत आली, सामान मिळेना, तेव्हा कारखान्यानं ते इंजिन काढलं, मोटार काढली आणि त्या जागी तेलाची जास्तीची टाकी बसवली. डोकं फिरवायला राहिलं एक चाक, हातानं फिरवायचं.

"आता तुम्ही वीजवाल्या आहात," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. तुमचा माल काढल्यावर त्या मधातल्या मानसाचं काय झालं असंन?"

मी म्हटलं, "सर, मला रणगाड्यातलं काही कळत नाही."

"मले बी कळत नव्हतं. तीस वर्सं झाले, कळून घेऊन राह्यलो."

ते संधाता विभागाचे निदेशक होते, म्हणजे वेल्डिंग शिकवायचे. राहायला वरवट बकालला, तिथून रोज मोटारसायकलनं येत. मी लोणार तालुक्यातली, सुलतानपूरची. माझ्या बोलण्यात जालन्याकडचा हेल, त्यांच्या बोलण्यात सातपुड्याखालची अस्सल वऱ्हाडी. पहिल्या महिन्यात आमचं निम्मं संभाषण एकमेकांना 'काय म्हटलं?' विचारण्यातच गेलं. पण त्या दिवशी ते निघून गेल्यावर मी वर्गात मोटारीचं वाइंडिंग शिकवत होते आणि डोक्यात सारखं एकच चालू होतं. खरंच, काय झालं असेल त्या माणसाचं?

हे वेड त्यांना लागलं ते रद्दीतून. तरुणपणी खामगावला एका रद्दीच्या दुकानात त्यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात एकाच रणगाड्याची दोन चित्रं शेजारी शेजारी होती. जर्मनांचा चार नंबरचा पॅन्झर, एक आधीचा, एक शेवटचा. दोन्ही चित्रं सारखीच वाटतात, पण सरांनी ती पेपरातल्या 'फरक ओळखा' सारखी पाहायला सुरुवात केली. पट्ट्याला वरून आधार देणारी छोटी चाकं चार होती, ती तीन झाली. मागचा आडवा सायलेन्सर गेला आणि दोन उभ्या नळ्या आल्या. चुंबकाचा सुरुंग चिकटू नये म्हणून अंगावर थापलेला खरबरीत लेप गेला. बाजूला बघायच्या फटी गेल्या. "एकेक वस्तू काढून राह्यले," ते सांगायचे, "आन मले असं वाटे का मी कारखान्याच्या खिडकीतून पाहून राह्यलो. जिकून राह्यलेला मानूस कधी काढत नाही, तो लावते. हरून राह्यलेला काढते."

तेव्हापासून त्यांना जगातल्या कुठल्याही वस्तूत एकच गोष्ट दिसायची. काय काढलं? लग्नाच्या वरातीत बँड वाजला की म्हणत, "एक क्लॅरनेट काढली यानं यंदा." कँटीनच्या पोह्यांतून शेंगदाणे गेल्याचं त्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं. मुलांना कोणतंही यंत्र दाखवलं की दोनच प्रश्न विचारायचे. "याच्यातलं काय काढलं तं चालते? आन काय काढलं तं मानूस मरते?" पहिल्या प्रश्नाला चुकलं तर हसायचे. दुसऱ्याला चुकलं तर त्या मुलाला त्या दिवशी वेल्डिंगचा होल्डर हातात मिळत नसे. एकदा एका मळणीयंत्राचा मालक पट्ट्यावरची जाळी काढून यंत्र दुरुस्तीला घेऊन आला होता. जाळीमुळे साफ करायला वेळ लागतो, म्हणाला. सरांनी यंत्र दुरुस्त केलं, वर नवी जाळी तयार केली आणि ती चारही बाजूंनी पक्की वेल्ड करून टाकली. "आता काढून दाखव," म्हणाले. तो माणूस चिडून गेला. दोन वर्षांनी तोच माणूस स्वतःच्या भावाचं यंत्र घेऊन आला, तशीच जाळी लावून द्या म्हणून.

स्वतःच्या आयुष्यातून तर त्यांनी बरंच काही काढलं होतं. घड्याळ, छत्री, कंगवा, 'कसं काय, बरं आहे का' हा प्रश्न. सरळ विषयालाच हात घालायचे. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "बरं झालं बाई तू आली. एक दिवस हे मलेही काढून टाकतीन अन म्हणतीन, चालते." सर गंभीरपणे म्हणाले, "तुले काढलं तं मानूस मरते." काकू मान फिरवून चहा ठेवायला गेल्या, पण जाताना लाजल्या हे मी पाहिलं.

गावात त्यांना 'टाकीवाले सर' म्हणत. त्यांना टँकचं वेड आहे हे कुणीतरी सांगितलं, आणि ऐकणाऱ्यानं टँक म्हणजे पाण्याची टाकी असा अर्थ घेतला. मग कुणाची लोखंडी टाकी गळायला लागली की लोक वरवट बकालला त्यांच्या दारात. त्यांनी कधी खुलासा केला नाही. टाकी वेल्ड करून द्यायचे, आणि करता करता त्या माणसाला पॅन्झरचं तेल कुठं भरायचे ते सांगायचे.

त्यांच्या घरच्या मागच्या खोलीत तो खेळ होता. एक अख्खा प्लायवूड, त्यावर सहा कोनांच्या घरांची जाळी. घरांवर डिंकानं काळी माती चिकटवलेली, टेकड्या लाकडाच्या भुशाच्या. लढाई हंगेरीतली होती, जर्मन विरुद्ध रशियन, पण हंगेरी सरांनी पाहिली नव्हती. म्हणून नकाशावर सातपुड्याची उतरण होती आणि खाली वान नदी. रणगाडे गोड्या तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून केलेले, बोटाएवढे. प्रत्येकाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. चिलखत किती, तोफ किती, एका पाळीत किती घरं जायचं. दोन फासे. एक पाळी म्हणजे लढाईतलं अर्धं मिनिट.

शनिवारी दुपारी आयटीआय सुटली की मी तिथं खेळायला जाऊ लागले. पहिल्यांदा केवळ सौजन्य म्हणून गेले. दुसऱ्या शनिवारी मी जेवण अर्धं टाकून बस पकडली. मला आजही सांगता येत नाही की काय झालं. पत्र्याचा एक बोटभर तुकडा टेकडीच्या आडून बाहेर काढायचा की नाही, यावर मी दहा-दहा मिनिटं विचार करायचे आणि सर समोर बसून पाय हलवत राहायचे.

सर नेहमी जर्मन बाजू घ्यायचे. आमच्याकडे गणित शिकवणारे एक निदेशक एकदा सोबत आले होते. ते उत्साहानं म्हणाले, "वा सर, जर्मन म्हणजे काय इंजिनिअरिंग. मीही याच बाजूनं खेळणार."

सरांनी फासे खाली ठेवले. त्यांच्या एकाही रणगाड्यावर जर्मन क्रॉस रंगवलेला नव्हता. एवढी बारीक कामं करणारा माणूस नेमकी ती खूण का विसरतो, हे मला तेव्हा कळलं.

"सर," ते गणिताच्या सरांना म्हणाले, "मी हे बाजू घेतो कारण हे हरते. हरतांनी यंत्र खरं बोलते. अन तुम्ही इंजिनिअरिंग म्हणता, तं हे पाहा." त्यांनी एक कार्ड काढून पुढं ठेवलं. त्यावर एकच शब्द होता : जोड. "त्यायच्या कारखान्यात शेवटी शेवटी कोन काम करे? धरून आणलेले लोक. कैदी. उपाशी. मंग ज्याच्या पोटात अन्न नाही, ज्याच्या घरच्यायले मारलं, तो वेल्डिंग कसा करंन? कोनी मुद्दाम खराब जोड मारे. पकडला तं फाशी. तरी मारे. म्हनून माह्या खेळात हे कार्ड हाये. जर्मन गाडीवर गोळा लागला का फासा टाकायचा. सहा आले तं जोड उकलते."

त्यांनी ते कार्ड उचलून परत गठ्ठ्यात ठेवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी पोरायले तीस वर्सं चांगला जोड शिकवला. खराब जोड मारला का मी तो घनानं तोडून टाकतो. पन त्या मानसाच्या खराब जोडाले माहा नमस्कार हाये."

गणिताचे सर त्या दिवशी रशियन बाजूनं खेळले.

आता खरी गोष्ट सांगते.

पुण्यात असा खेळ खेळणाऱ्यांचा एक गट आहे. ते स्वतःचे नियम लिहितात आणि इंटरनेटवर टाकतात. मी सरांना ते नियम छापून आणून दिले, तीच माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी सर माझ्या विभागात. केस विस्कटलेले, हातात ते कागद, त्यांवर लाल पेनानं रेघा.

"मॅडम, यायनं हाताचं डोकं अन मोटारीचं डोकं एकच धरलं."

झालं होतं असं की त्या नियमांत पॅन्झरच्या शेवटच्या अवताराला आधीच्याइतकीच ताकद होती. उलट तो स्वस्त म्हणून, ज्याला तो घ्यायचा त्याला एक गाडी जास्त मिळायची. सरांच्या खेळात मात्र हातानं डोकं फिरवणाऱ्या गाडीला अर्ध्या मिनिटाच्या एका पाळीत बाजूच्या शत्रूवर तोफ चालवताच येत नसे. समोर काय असेल ते मारा.

"सोप्पा केला म्हनून यायच्या खेळात तो फायद्याचा झाला," ते म्हणाले. "मधात बसलेला मानूस काय सोप्पा झाला?"

त्यांनी त्या गटाला पत्र लिहिलं. मराठीत, आठ पानं. मी टाइप केलं. उत्तर आलं एका गृहस्थांचं. हे सॉफ्टवेअरमध्ये काम करायचे, नियम त्यांनीच लिहिले होते. उत्तर सभ्य होतं. त्यांनी लिहिलं, की हातानंही अर्ध्या मिनिटात तोफ बाजूला वळवता येत असणार, त्यामुळं वेगळा नियम केला तर खेळ उगाच अवघड होतो. शेवटी एक वाक्य होतं : 'आपण दोघंही यातल्या कुठल्याच गाडीत बसलेलो नाही.'

सरांनी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे बरोबर बोलला तो. लिहा. आम्ही बसून पाहतो. सपाट जमिनीवर, एका मानसाच्या हातानं, अर्ध्या मिनिटात पाव फेरा झाला तं मी चूक. मी हा खेळ सोडतो, पुन्हा फाशाले हात लावत नाही. नाही झाला तं तुम्ही नियम बदला. या."

"सर," मी म्हटलं, "सोडतो कशाला लिहायलात? नुसतं चूक मान्य करतो लिहू की."

"काऊन? त्याच्याजवळ नियम हाये, तो पणाले लावून राह्यला. माह्याजवळ खेळच हाये."

पत्र गेलं. दोन दिवसांत उत्तर आलं. एकच शब्द, 'येतो'.

पुढच्या तीन आठवड्यांत केली तितकी धावपळ मी आयुष्यात कधी केली नाही. खामगावला सरांचा एक जुना विद्यार्थी भंगाराचा धंदा करतो. त्याच्याकडं निकामी झालेला एक पोकलेन पडला होता. पोकलेनचा वरचा भाग ज्या दातेरी कड्यावर गोल फिरतो, ते कडं त्यानं उसनं दिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते उतरवताना आठ पोरं लागली. त्या कड्यावर सरांनी अँगलचा सांगाडा वेल्ड केला, त्यात बसायला ट्रॅक्टरची सीट, आणि वजनासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली वाळू. तोफ म्हणून पुढं बोअरचा लांब केसिंग पाइप, त्याच्या तोंडाकडंही वजन. फिरवायला कडबा कुट्टीचं चाक. खऱ्याइतकं वजन आम्हाला झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून सर रोज दुपारी फळ्यावर दात्यांचं गणित करायचे, की चाकाचे किती फेरे म्हणजे डोक्याचा एक फेरा, आणि हाताला जोर तेवढाच लागला पाहिजे. सोपं करायची एकही संधी त्यांनी घेतली नाही, आणि स्वतःच्या बाजूनं अवघड करायचीही नाही. एकदा एका दात्यात चिखल अडकला होता, तेव्हा त्यांनी स्वतः तो टोकदार खिळ्यानं काढला आणि ग्रीस भरलं. मी म्हटलं, "राहू द्या की, आपलाच फायदा." ते माझ्याकडं असे बघत राहिले की मी मुकाट्यानं ग्रीसचा डबा धरला.

माझं काम मोटारीचं. एका बाजूला मी तीन फेजची मोटार बसवली, गिअरला जोडली, दोन बटणं दिली. बटण दाबलं की डोकं डावीकडं, दुसरं दाबलं की उजवीकडं. पहिल्यांदा ते फिरलं त्या दुपारी संपूर्ण आयटीआय मैदानात धावत आली. प्राचार्यांनी रविवारपर्यंत परवानगी दिली. "सोमवारी तपासणी आहे," ते म्हणाले. "त्या आधी हे मला मैदानात दिसायला नको."

रविवारी सकाळी पुण्याचे गृहस्थ शेगावला उतरून आले. चाळिशीचे, व्यायामानं कमावलेलं शरीर, बोलणं मृदू. सरांनी त्यांना नमस्कार केला, बरं आहे का विचारलं नाही, सरळ कड्यापाशी नेलं. गृहस्थांनी खाली बसून दात्यांवरून हात फिरवला.

"हे तुम्ही माझ्या एका वाक्यासाठी केलंत?"

"तुमचं वाक्य बरोबर होतं," सर म्हणाले.

आधी मोटार. मी बटण दाबलं. तोफ सरसर वळली आणि मैदानाच्या कडेच्या निंबाच्या झाडावर थांबली. सात-आठ सेकंद. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग हात. गृहस्थ म्हणाले, "मी नको. मी व्यायाम करतो, लोक म्हणतील तोलामोलाचं नव्हतं." सर म्हणाले, "मी बी नको. मी मुद्दाम हळू करीन असं कोनी म्हणंन." दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी चढून सीटवर बसले. त्या क्षणी मला कळलं की मी काय करायला बसले आहे. हळू फिरवलं तर सर जिंकतात. आणि हळू फिरवलं तर तीस वर्षं ज्या माणसानं खोटा जोड कधी चालवून घेतला नाही, त्याच्यासमोर मी खोटं करते. गृहस्थांनी मोबाईलवर वेळ लावली. "सुरू," म्हणाले.

मी जीव लावून चाक फिरवलं. पहिले दहा फेरे जड गेले, मग लय लागली. खांदे पेटले. घाम डोळ्यांत गेला. निंबाचं झाड एकेक बोट जवळ येत होतं. मुलं फेरे मोजायला लागली. पाइपचं तोंड झाडाच्या बुंध्यावर आलं आणि मी चाक सोडलं.

गृहस्थांनी मोबाईल सरांपुढं धरला. अर्धं मिनिट व्हायला चार सेकंद बाकी होते.

मला सीटवरून उतरताही येईना. सरांनी मोबाईलकडं पाहिलं, मग कड्याकडं, मग माझ्याकडं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, याची मी शपथ घेईन. त्यांचे डोळे चमकत होते.

"झालं की हो," ते म्हणाले. "होते. सपाटीवर होते. तीस वर्सं मी चूक."

ते मैदानात आणून ठेवलेल्या फळ्याकडं गेले, त्यावर लिहिलेला स्वतःचा नियम पुसला आणि हात झटकले.

मी वरूनच ओरडले, "सर, जमीन सपाट कुठं असती? तुमच्याच नकाशावर सगळी उतरण आहे. एक बाजू उचलून बघा. मोटारीला चढ कळत नाही, हाताला कळतो."

"नाही मॅडम," ते म्हणाले. "शब्द सपाट जमिनीचा दिला होता. हरल्यावर जमीन बदलायची नसते."

तेव्हा गृहस्थ पुढं आले. त्यांनी शर्टच्या बाह्या वर केल्या. "तुम्ही नका बदलू," ते म्हणाले. "मी बदलतो. मी जिंकलोय, मला पाहायचंय."

मुलांनी दोन जॅक आणले, ओंडके आणले. सांगाड्याची एक बाजू हातभर वर उचलली. जड पाइप आता आपोआप उताराकडं ओढ घेत होता. गृहस्थ सीटवर बसले आणि तोफ चढाकडं वळवायला लागले. पाच फेरे झाले. दहा झाले. बारावा फेरा अर्ध्यातच थांबला. त्यांनी दोन्ही हात लावले, पाय सांगाड्याला रोवले, मानेच्या शिरा फुगल्या. चाक हललं नाही. क्षणभर हात सैल झाला आणि चाक उलटं फिरून पाइप खाली गेला. मुलं मागं सरकली.

मी बटण दाबलं. मोटार कण्हली, वेग कमी झाला, पण डोकं चढाकडं वळलं आणि थांबलं.

सर तिथल्या तिथं गोल फिरले. अक्षरशः फिरले, लहान मुलासारखे. "पाह्यलं? पाह्यलं? सपाटीवर तुम्ही खरे, उतारावर मी खरा. दोघं बी अर्धे चूक. भल्ली मजा झाली राजेहो." मग एकदम थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "अन तो मधातला मानूस सपाटी निवडत नाही. ज्या उतारावर उभा केला, तठीच फिरवत बसते."

गृहस्थ खाली उतरले. त्यांचे तळहात लाल झाले होते, एका बोटाला फोड आला होता. त्यांनी सरांच्या हातून खडू घेतला आणि फळ्यावर स्वतः लिहिलं : 'सपाट घरात हातानं डोकं फिरवणारी गाडी बाजूला तोफ चालवू शकते. उताराच्या घरात, चढाकडं, नाही.' खाली सरांना विचारलं, "तुमचं नाव टाकू का नियमात?"

"कायले? ओळ बरोबर हाये ना?"

काकूंनी भरीत-भाकरीचा डबा पाठवला होता. तो मैदानातच उघडला. जेवता जेवता प्राचार्य आले. कड्याभोवती एक चक्कर मारली, आणि आजूबाजूला बघून सीटवर जाऊन बसले. चढाकडं चाक फिरवायला लागले. अकराव्या फेऱ्याला अडकले. खाली उतरून रुमालानं हात पुसत म्हणाले, "राहू द्या. प्रशिक्षण साहित्य म्हणून नोंदवू." दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेले साहेबही त्या सीटवर बसून गेले. कडं तसंच कलतं, ओंडक्यांवर मैदानात राहिलं; भंगारवाल्यानंही ते परत मागितलं नाही.

माझी समजूत होती की गोष्ट इथं संपली. पण शब्द तो शब्द. पुढच्या शनिवारी मी वरवट बकालला गेले, तर खेळाचा प्लायवूड दारात उभा करून ठेवलेला. "घेऊन जा," सर म्हणाले. "मी हरलो. तुम्ही खेळा."

मी वाद घातला. काकूंनी घातला. गृहस्थांनी पुण्याहून फोन करून घातला, की आपण दोघंही अर्धे चुकलो असं तुम्हीच म्हणालात. सरांनी ऐकलं नाही. "उतार मंग आला. शब्द सपाटीचा होता."

शेवटी खेळ माझ्या विभागात आला. वाइंडिंगच्या टेबलांच्या मागं मांडला. शनिवारी मी, गणिताचे सर, आणि हिवाळ्यात सुट्टी काढून आले तर पुण्याचे गृहस्थ, असे खेळत बसायचो. सर दर शनिवारी यायचे. बसायचे नाहीत. मागं उभे राहायचे, हात पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवून, म्हणजे चुकून गाडी हलवली जाणार नाही. तोंडातून अवाक्षर नाही. पण चुकीची चाल झाली की त्यांच्या चपलेचा अंगठा फरशीवर घासायला लागायचा. त्या अंगठ्याच्या धाकानं आम्ही सगळे नीट खेळायला शिकलो.

एका डिसेंबरातली दुपार आहे. गृहस्थ रशियन, मी जर्मन. सामना अगदी शेवटाला आलेला, माझी एकच गाडी उरलेली, हातानं डोकं फिरवायची, सातपुड्याच्या उतारावर. त्यांची गाडी वरच्या अंगानं माझ्या गाडीच्या बाजूला येऊन उभी राहिली. मी घाईघाईनं तोफ वळवली, फासा टाकला, आणि पडले बारा. गृहस्थांनी कपाळाला हात लावला आणि आपली गाडी उचलली. मी जिंकले होते. गणिताचे सर माझा हात हातात घेऊन हलवायला लागले.

मागं अंगठा घासला गेला. मी वळून पाहिलं. सरांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग ते दार उघडून मैदानात निघून गेले.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. लोखंडावर लोखंड. खर्र, खर्र, खर्र. कुणीतरी चाक फिरवत होतं, एका संथ लयीत. आठ, नऊ, दहा. मग आवाज जड झाला. अकरा. आणि थांबला.

गृहस्थ माझ्याकडं बघत होते. मी नकाशाकडं पाहिलं, त्या भुशाच्या उतारावर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं, आणि तिच्या तोफेकडं, जी चढाकडं वळलेली होती.

मी त्यांच्या हातातून ती पत्र्याची गाडी घेतली आणि होती त्या जागेवर परत ठेवली.